पिवळी गोळी

तिची एक चप्पल मागे राहिली, एवढंच झालं. सकाळी साडेसातला ती दोन कप घेऊन स्वयंपाकघरातून आली, कप टेबलावर ठेवले, खुर्ची ओढून बसली आणि चहावरची साय बोटानं बाजूला करायला लागली. माझी नजर सहज खाली गेली. उजव्या पायात चप्पल, डावा पाय उघडा. डावी चप्पल तिकडे उंबऱ्याशी उताणी पडलेली. मी म्हटलं, "एक चप्पल कुणाला दान केलीस?" ती म्हणाली, "कसली चप्पल?" "अगं, डाव्या पायात नाहीये." "आहे की," ती म्हणाली आणि कप तोंडाला लावला. थट्टा करत नव्हती. थट्टा करताना तिचा खालचा ओठ जरा पुढे येतो, तो आला नव्हता. थंडीचे दिवस, फरशी अशी गार की मी मोजे घालून बसलेलो, आणि ही बाई उघडा पाय त्या फरशीवर टेकवून मला सांगतेय की चप्पल आहे. मग तिनं वाकून पाहिलं. "अय्या, खरंच की!" म्हणून हसली, उठली आणि टेबलाला धरून, खुर्चीला धरून, दाराला धरून चपलेपर्यंत गेली. तीन ठिकाणी हात टेकवला तिनं. टेबलापासून उंबऱ्यापर्यंत आमच्याकडे सात पावलं आहेत. इतक्या वर्षांत कधी मोजली नव्हती, तेव्हा मोजली.

मी औषधांच्या दुकानात बसणारा माणूस. एकतीस वर्षं झाली. दुकान माझं, पदवी माझी, भिंतीवर चौकटीत लावलेला परवाना माझा. गल्लीतले लोक मला डॉक्टर म्हणतात आणि मी "अहो, मी कसला डॉक्टर" असं म्हणतो, पण अशा आवाजात, की पुढच्या वेळी त्यांनी परत म्हणावं. खोटं कशाला बोलू? आवडायचं मला ते. आमच्या घरातलं कुणी वीस वर्षांत दवाखान्याची पायरी चढलं नाही, ही माझी फुशारकी. मुलीचे कान, माझा रक्तदाब, हिचं पित्त, सगळं माझ्याच हाताखालून गेलं. हिला सकाळी छातीत जळजळायचं, तर मी पित्ताची कॅप्सूल सुरू केली, उपाशीपोटी एक. महिनाभर द्यायची असते ती. आठ वर्षं झाली. बंद केली की जळजळतं म्हणून चालू, आणि चालूच आहे म्हणून बंद करायची आठवण नाही. रोज सकाळी ती तोंड उघडते आणि डोळे मिटते. लहानपणापासूनची खोड तिची, गोळी असो की सुई, औषध घेताना डोळे गच्च मिटायचे. मग मी जिभेवर कॅप्सूल ठेवतो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आमच्यात प्रेमाचं म्हणून काही बोलणं होत नाही, पण हे होतं. "काय देताय ते तरी सांगा," असं तिनं एकदाही विचारलेलं नाही. मुलगी सासरी जायच्या आधी एकदा म्हणाली होती, "आई, बाबा एखाद दिवशी तुला विष देतील, तरी तू गिळशील." तर ही म्हणाली, "देतील तर चांगल्या कंपनीचं देतील." तिघंही पोट धरधरून हसलो होतो.

आठ महिन्यांपूर्वी ती जिन्यात थांबायला लागली. पहिल्या मजल्यावर एकदा, दुसऱ्यावर एकदा. ती घरी शिवणकाम करते आणि शर्टांची काजं हातानं करते, यंत्रावरची काजं तिला मेल्यासारखी वाटतात. तर अर्ध्या तासात मान टाकायची. ओठ पांढरे, नखं पांढरी, आणि जीभ मात्र लाल, गुळगुळीत, सोललेली वाटावी अशी. जीभ मी पाहिली होती. रोज सकाळी पाहतच होतो की! समोरच्या तपासणी केंद्रातल्या रक्तवाल्याला मी घरी बोलावलं. पंधरा वर्षं तो गल्लीचं रक्त काढतोय, म्हणून तो रक्तवाला. संध्याकाळी रिपोर्ट घेऊन स्वतः काउंटरवर आला. हिमोग्लोबिन सात पॉइंट नऊ. खाली एका ओळीभोवती त्यानं लाल पेनानं गोल केला होता. "वहिनींच्या तांबड्या पेशी आकारानं मोठ्या आल्यात, साहेब. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." मी म्हटलं, "बघतो." समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी वरचा आकडा पाहिला, कागदाची घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि एकतीस वर्षं जे करत आलो तेच केलं. अशक्तपणा घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला जे देतो ते तिला दिलं, लोहाची तपकिरी गोळी आणि फोलिकची पिवळी. पिवळी गोळी इवलीशी, मसुराएवढी. ना चव, ना वास, ना काही त्रास. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन दहा पॉइंट आठ, गेल्या महिन्यात बारा पॉइंट एक. जिना ती न थांबता चढायला लागली, ओठांवर रंग आला. तो बाराचा रिपोर्ट मी काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवायला लागलो. "हे बघा, आमच्या घरचंच उदाहरण." दाखवत कसला होतो, मिरवत होतो.

चप्पल घालून ती परत समोर येऊन बसली, तेव्हा माझ्या डोक्यात टाचणीसर उभे राहिले होते. कॉलेजात आम्हाला औषधशास्त्र शिकवायचे. कोटाच्या कॉलरला टाचणी खोचलेली असायची, वर्गात कुणी पेंगलं की हलकेच त्याच्या मनगटाला लावायचे. एकदा त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, फोलिक आणि बी-ट्वेल्व्ह, आणि म्हणाले, "या दोघी जावा आहेत. एकीचं काम दुसरी करते, पण अर्धंच करते. बी-ट्वेल्व्ह कमी पडलं तर तांबड्या पेशी फुगतात, रक्त बिघडतं आणि नसाही बिघडतात. तिथे तुम्ही नुसतं फोलिक दिलंत, तर रक्त सुधारेल. नसा मात्र आतून मरत राहतील आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही, कारण रिपोर्ट छान येईल. भिंतीला रंग द्याल बाळांनो, आणि पाया खचत असेल." परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. मी पानभर उत्तर लिहिलं आणि सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. विसरलो म्हणावं, तर तीही नाही. दोनच महिन्यांपूर्वी वरच्या आळीतल्या मास्तरीणबाई भावासाठी पिवळ्या गोळ्या न्यायला आल्या होत्या, तेव्हा मी त्यांना उभं करून सुनावलं होतं की नुसती पिवळी द्यायची नाही, आधी बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या, नसांचा प्रश्न असतो. "केवढं बारीक लक्ष असतं हो तुमचं," त्या म्हणाल्या. त्याच दुपारी मी घरी जेवायला गेलो, हा किस्सा हिला रंगवून सांगितला आणि जेवण झाल्यावर हिच्या जिभेवर पिवळी गोळी ठेवली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण करणाऱ्यानं माझ्याच घरात डोकावलं असणार. मी दुकानात जाणता असतो, घरी आलो की नुसता नवरा असतो, असं काहीतरी मी त्या टेबलाशी बसून मनातल्या मनात मांडत होतो, आणि ते मलाच पटत नव्हतं.

"पायांना काही होतंय का गं?" मी विचारलं. "आता विचारताय?" ती म्हणाली. "केव्हाची सांगतेय. जमीन गादीसारखी लागते म्हणून सांगितलं, तर तुम्ही म्हणालात चपला बदल. बोटांत मुंग्या येतात म्हटलं, तर म्हणालात हात झटक. काजं वाकडी व्हायला लागली, तर चष्मा बदल." प्रत्येक वाक्य खरं होतं. मी ते ते बोललो होतो आणि बोलून लगेच काचेखालच्या आकड्याकडे गेलो होतो. यंत्राशेजारी तिची टाचण्यांची उशी होती. एक टाचणी काढावी आणि तिच्या अंगठ्याला लावून बघावी असं मनात आलं. हिंमत झाली नाही. मी म्हटलं, "आवर. डॉक्टरकडे जाऊन येऊ." ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाई गं! सूर्य कुठून उगवला आज?"

दवाखाना दहा मिनिटांवर आहे, आम्हाला पंचवीस लागली. हरवलेलं नाणं शोधत असावी तशी ती खाली बघत चालत होती. कधीपासून अशी चालते, मला माहीत नाही, कारण मी त्या वेळी दुकानात असतो. वाटेत तिला बाकावर बसवून मी दुकान उघडलं, काचेखालचा बाराचा रिपोर्ट काढून खिशात घातला. मग ड्रॉवर उघडला. घडी घातलेला कागद तिथेच होता, लाल गोल पाठीमागूनही उमटलेला दिसत होता. मी ड्रॉवर लावून टाकला. डॉक्टरीणबाई चार वर्षांपूर्वी आमच्या भागात आल्या, माझ्या मुलीहून जेमतेम पाचसात वर्षांनी मोठ्या. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्याच दुकानात येतात. दोनदा मी त्यांना फोन केला होता, "मॅडम, डोस एकदा परत बघता का?" दोन्ही वेळा चूक त्यांची होती आणि दोन्ही वेळा त्यांनी मनापासून आभार मानले. मी मात्र ते गल्लीभर सांगितलं, कौतुकाच्या नावाखाली. "तुमचा वचक आहे हो काका आमच्यावर," असं त्या म्हणायच्या. आता त्याच टेबलासमोर मी तपासायला आणलेल्या बायकोच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसलो होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या खुर्चीवर कळलं.

त्यांनी हिला पलंगावर झोपवलं, ट्यूनिंग फोर्क म्हणतात तो लोखंडी चिमटा टेबलाच्या कडेवर आपटून थरथरता केला आणि घोट्याच्या हाडावर टेकवला. "थरथर कळतेय, काकू?" "कसली थरथर?" गुडघ्यावर टेकवला. "हां, इथे जरा गुणगुण आहे." मग त्या म्हणाल्या, "उभ्या राहा. पावलं जुळवा. आता डोळे मिटा." डोळे मिटायला हिला काय, सवयच. हिनं मिटले, आणि दोन श्वासांत ती आधी डावीकडे झुकली, मग उजवीकडे, आणि मग सरळ माझ्या अंगावर आली. मी काखेत हात घालून धरलं. किती जड असतं माणूस, जेव्हा त्याला स्वतःचे पाय कुठे आहेत ते ठाऊक नसतं! डोळे उघडून ही हसली, "कुणी ढकललं मला?" डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "काका, हे मला बरं दिसत नाहीये. डोळ्यांनी बघून चालतायत त्या, पायांना काही समजत नाही. असं बी-ट्वेल्व्ह कमी पडलं की होतं." बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं पोरीनं, पहिल्या पाच मिनिटांत. आता मी गप्प जरी बसलो असतो ना, तरी चाललं असतं. पण त्यांनी विचारलं, "रक्ताचे रिपोर्ट आहेत का?" आणि माझा हात खिशात गेला. हाताला कुणी सांगितलं नव्हतं. "बारा पॉइंट एक," त्यांनी वाचलं. "पेशींचा आकारही ठीक आहे. मग ते नसणार. नसांपर्यंत गेलं असतं तर रक्तात दिसलंच असतं ना." थोडं थांबून म्हणाल्या, "घरी काही औषधं चालू आहेत?" "यांना विचारा," ही म्हणाली. "मी आपली तोंड उघडते." दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "काही विशेष नाही. पित्ताची गोळी, कधीमधी. आणि ते शक्तीचं काहीतरी."

त्यांनी लिहून घेतलं. मणक्यात नस दबली असेल, मणक्याचा फोटो काढा, नसांची तपासणी करा. त्या तपासणीची तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली. "तोवर पडू देऊ नका त्यांना." बारा दिवस! रोज थोडं थोडं मरतंय आत, आणि मी त्याला बारा दिवसांची मुदत मिळवून दिली, माझ्या दोन वाक्यांनी. बाहेर रस्त्यावर येताच ही म्हणाली, "कधीमधी काय? रोज घेते मी. आणि शक्तीचं काहीतरी म्हणजे? सरळ पिवळी म्हणायचं की." मी रस्त्यात ओरडलो, "तुला काय कळतं त्यातलं?" समोरून येणारा माणूस वळून बघायला लागला. घरापर्यंत ती खाली बघत, पाऊल शोधत चालली. मला तिचा हात धरायचा होता आणि त्या ओरडण्यानंतर तो धरता येईना.

दुकानात बसलो, पण गिऱ्हाइकांना काय दिलं ते परमेश्वराला ठाऊक. दुपारी गर्दी ओसरल्यावर मागच्या फळीवरून मी खोका काढला. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं. तपकिरी काचेच्या बोटभर कुप्या, उजेडात धरल्या की आतलं पाणी लालभडक दिसतं. याच मास्तरीणबाई पूर्वी दर महिन्याला यायच्या, "ते लाल इंजेक्शन द्या हो, अंगात जीव येतो." मी त्यांची टर उडवायचो, "बाई, रंगाला भुलता तुम्ही. लाल पाणी आहे ते." आता तेच लाल पाणी हातात धरून मी विचार करत होतो. विचार कसला, बेत होता तो. घरी न्यायचं, संध्याकाळपासून एक दिवसाआड टोचायचं, पिवळी बंद करायची, पित्ताची बंद करायची. बारा दिवसांत सहा सुया होतील. तिला गुण यायला लागला तर मणक्याचं आपोआप बरं झालं, देवाची कृपा. आणि एक गोष्ट टाचणीसरांनी शिकवली नव्हती, पण मला धंद्यानं शिकवली होती. एकदा हे टोचलं की रक्तातलं बी-ट्वेल्व्ह आभाळाला टेकतं. मग कुणी कितीही तपासा, ते कधीकाळी कमी होतं हे कुणालाही, कधीही कळणार नाही. लाल गोलाचा कागद फाडला की झालं. पिवळ्या गोळीनं एकदा पुसून टाकलंच होतं, लाल सुई उरलेलं पुसेल. हे सगळं मी इतक्या थंडपणे मांडलं की मला माझीच भीती वाटली. डोस तरी बरोबर आहे का माझा? एक दिवसाआड पुरे, की रोज हवा? कुणाला विचारणार होतो? डॉक्टरांच्या चुका फोन करून दाखवणाऱ्याची चूक कोण दाखवणार होतं? तरी मी कुपी, सुई आणि कापसाचा बोळा कागदी पाकिटात घातला. ड्रॉवरमधला कागदही घेतला, फाडायला म्हणून.

साडेचारला घरी पोचलो तेव्हा ती यंत्राशी बसली होती. मांडीवर निळा शर्ट, हातात सुई. काज करत होती आणि तिचे डोळे त्या सुईवर असे रोखलेले की कपाळावर आठ्या पडल्या होत्या. पूर्वी ही बाई माझ्याशी बोलता बोलता, रस्त्याकडे बघत काजं करायची. "काय आणलंय?" तिनं विचारलं. आवाजात अजून सकाळचा रुसवा होता. "इंजेक्शन," मी म्हटलं, "शक्तीचं." तिनं शर्ट बाजूला ठेवला, बाहीची गुंडी सोडून बाही वर केली, हात पुढे केला आणि डोळे मिटले. एवढं मी रस्त्यात ओरडलो होतो, तरी डोळे मिटले. मी कुपीची मान मोडली, लाल पाणी सुईत ओढलं, हवा काढली. स्पिरिटचा बोळा तिच्या दंडावर फिरवला. आणि माझा हात तिथेच थांबला. दंडावर देवीच्या लशीचा जुना वण आहे तिच्या, लग्नाच्या दिवसापासून मी तो बघतोय. बाहेर कुणीतरी पायरीवर भांडं आपटत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. "झालं?" ती म्हणाली. बोळा माझ्या बोटांत तसाच होता. डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "कळलंसुद्धा नाही. तुमचा हात फार हलका आहे हो."

मी सुई टेबलावर ठेवली. "टोचलं नाहीये अजून," मी म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. बसून सांगता येईना म्हणून उभ्यानं सांगितलं. पेशींचा आकार, लाल गोल, ड्रॉवर, पिवळी गोळी रक्त सुधारते आणि नसांना वाऱ्यावर सोडते, पित्ताची कॅप्सूल आठ वर्षं घेतली की पोटाला बी-ट्वेल्व्ह नीट घेता येत नाही. सुईत काय आहे आणि ते मी का टोचणार होतो, तेही सांगितलं. तिनं डोळे उघडले होते. पुन्हा पुन्हा स्वतःच्या पावलांकडे बघत होती. "म्हणजे दोन्ही तुम्हीच दिलेल्या," ती म्हणाली. "हो." "पण तुम्हाला माहीत नव्हतं ना हे?" तिनं मला दार उघडून दिलं होतं. नव्हतं म्हटलं असतं तर तिनं ते पदरात घेतलं असतं, मला ठाऊक आहे. "होतं," मी म्हटलं. "माहीत होतं. लक्ष नव्हतं माझं." "मास्तरीणबाईंच्या भावाकडे होतं," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत. इथेच जेवताना." तिनं बाही खाली ओढली आणि मनगटाची गुंडी लावायला गेली. स्वतःच्या हातानं केलेलं काज, स्वतः लावलेली गुंडी, आणि बोटांना ती सापडेना. एकदा, दोनदा, तीनदा. मी पुढे झालो. "राहू दे," ती म्हणाली. बाही तशीच लोंबत ठेवून उठली, वाकून दोन्ही चपला हातानं पायांत घातल्या, घातल्या की नाही ते बघितलं. "चला." "कुठे?" "डॉक्टरीणबाईंकडे. तो ड्रॉवरमधला कागद आहे ना? की फाडलात?" "आहे." "घ्या मग."

जिन्यात ती कठड्याला धरून उतरली, मी तिच्या पुढे, उलट्या पावलांनी, पडली तर धरायला. तिनं माझा हात काही घेतला नाही. दवाखान्यात सात-आठ जण बसलेले, आणि त्यांत, दुसरं कोण असणार, मास्तरीणबाई. "अगबाई, डॉक्टर! तुम्ही आणि इथे?" मी म्हटलं, "हो, बायकोला दाखवायला आलोय. आणि मी डॉक्टर नाही, बाई." त्या हसल्या, नेहमीप्रमाणे. या वेळी मी खरंच सांगत होतो, पण इतकी वर्षं मी हेच वाक्य म्हणत आलो होतो, त्यांना फरक कसा कळणार?

आत गेल्यावर टेबलावर मी सगळं मांडलं, लाल गोलाचा कागद, पिवळ्या गोळ्यांची पट्टी, कॅप्सूलची पट्टी. डॉक्टरीणबाईंनी कागद उलगडला आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. "या गोळ्या कोणी दिल्या?" त्यांनी हिला विचारलं. "मी," मी म्हटलं. "किती महिने?" "आठ. आणि कॅप्सूल आठ वर्षं. रोज." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग सकाळी का नाही बोललात, काका?" याला उत्तर होतं, पण ते एवढंसं होतं की तोंडातून काढायची लाज वाटली. सत्तावीस वर्षं संसार केलेली बायको एकीकडे आणि 'तुमचा वचक आहे हो' एकीकडे, आणि मी सकाळी त्यांतलं दुसरं निवडलं होतं. त्यांनी वाट पाहिली नाही. फोन करून रक्तवाल्याला बोलावून घेतलं. तो आला, टेबलावरचा स्वतःचाच लाल गोल ओळखला, माझ्याकडे पाहिलं, आणि भला माणूस, नजर वळवून म्हणाला, "वहिनी, मूठ आवळा." रक्त काढून झाल्यावर हिनं विचारलं, "येतील का परत माझे पाय? काजं करता येतील?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध आजच सुरू करू, सुरुवातीला रोज. बऱ्याच जणांचं पुष्कळसं भरून येतं. सगळं येईलच, असं मी तुम्हाला आत्ता नाही सांगणार, काकू. आठ महिने कमी नाहीत."

नर्सबाई ट्रे घेऊन आल्या. तीच तपकिरी कुपी, तेच लाल पाणी. मी भिंतीला टेकून उभा होतो. "काकू, भीती वाटत असेल तर डोळे मिटा." "नको," ही म्हणाली. नर्सबाई बोळा फिरवायला लागल्या, तर हिनं हात मागे घेतला. "काय देताय?" "इंजेक्शन." "ते दिसतंय. नाव काय त्याचं? त्या काचेवर लिहिलेलं वाचा, मोठ्यानं." नर्सबाईंनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं आणि वाचून दाखवलं. हिनं ते नाव स्वतःशी दोनदा म्हटलं, पाठ करावं तसं. मग हात पुढे केला, आणि सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत डोळे उघडे ठेवून बघत राहिली.